बत्तीस टक्क्यांचा गुडघा

माझा उजवा गुडघा बत्तीस टक्के गेलेला आहे. हे माझं म्हणणं नाही, सरकारी डॉक्टरांच्या मंडळाचं आहे. कागदावर गोल शिक्का आहे आणि खाली तीन सह्या आहेत. राहिलेला अडुसष्ट टक्के गुडघा मला परत मिळाला असं समजायचं. तो नेमका कुठल्या बाजूला आहे ते कागदात लिहिलेलं नाही.

अपघात होऊन ज्यांचा दावा कोर्टात चालू आहे, त्यांनी वाचावं म्हणून हे लिहितोय. धीर देणारी माणसं पुष्कळ भेटतात, दवाखान्याच्या खाली चहाच्या टपरीवर तर फुकट भेटतात. माझ्याजवळ धीर नाही. माझ्याजवळ एक मूर्खपणा आहे, तो सविस्तर सांगतो. तुमच्या कामाला येईल.

*

गुलमंडीत एका साडीच्या दुकानात मी बावीस वर्षं सेल्समन होतो. दुकान जुन्या पद्धतीचं, म्हणजे खुर्च्या नाहीत. पांढरी चादर घातलेली गादी, गादीच्या काठाला गिऱ्हाईक आणि मधोमध मी, मांडी घालून. साडीची घडी एका झटक्यात मोडायची आणि पदर बाईच्या पुढ्यात जाऊन थांबला पाहिजे, अंगावर जाता कामा नये. पदर खाली टेकेपर्यंत सासू कोण, सून कोण आणि पसंती कुणाची चालणार हे ओळखायचं. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. मला येत होतं, आणि चांगलं येत होतं. इथं मी विनय दाखवणार नाही.

गारखेड्याच्या घरून दुकानात निघालो असताना एका टेम्पोनं हात न दाखवता, इशारा न देता वळण घेतलं. मी स्कूटरसकट त्याच्या खाली गेलो. टेम्पोवाला उतरला आणि म्हणाला, दिसले नाही हो तुम्ही. ऐंशी किलोचा माणूस, पांढरा सदरा, सकाळचं लख्ख ऊन, आणि याला दिसलो नाही. त्याचे डोळे शंभर टक्के शाबूत होते, पुढं कोर्टात तसा दाखलाही त्यानं आणला.

*

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि गुडघ्याची वाटी तीन जागी फुटल्याचं दाखवलं. वाटीखालच्या हाडालाही तडा होता. वायर, प्लेट, स्क्रू यांची नावं त्यांनी सांगितली. मंदा, माझी बायको, पदराचं टोक हातात चुरगळत ऐकत होती. मी एकच विचारलं, मांडी घालता येईल का?

डॉक्टर हसले. त्यांच्याकडं येणारा प्रत्येक जण हेच विचारतो म्हणाले, चालता येईल का हे कुणी विचारत नाही. मी म्हणालो, साहेब, मी चालण्याचं काम करत नाही. मग त्यांनी नीट सांगितलं. ऑपरेशननंतर व्यायाम मनापासून केला तर गुडघा मांडीपर्यंत जाऊ शकतो. पहिले पाच-सहा महिने हातात आहेत. त्या काळात वाकवला तर वाकेल, नंतर हाडाभोवतीचं सगळं आवळून जातं आणि मग आपलं ऐकत नाही.

हे वाक्य मंदानं ऐकलं, मीही ऐकलं. पुढं जे झालं ते माहिती नव्हती म्हणून झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

*

दवाखान्यात दिवसभर दोन प्रकारची माणसं येतात. एक भेटायला येणारी. त्यांना तुमच्या दुखण्यात रस नसतो, तुलनेत असतो. फक्त गुडघाच ना, नशीब समजा, आमच्या साडूच्या भाच्याची तर मांडीच काढली. असं म्हणून ते तुमच्याच उशाची केळी खातात. एक दूरचे मेव्हणे तर भाजीबाजारात भाव सांगावा तसे बोलले. हात गेला तर जास्त मिळतं, डोळ्याचं त्याहून जास्त, गुडघ्याला फारसा भाव नाही. मी त्यांची माफी मागितली.

दुसरे म्हणजे डॉक्टर. सकाळी सात-आठ जणांचा ताफा यायचा. मोठे डॉक्टर पलंगाच्या पायाशी थांबून विचारायचे, कसं काय? आणि मी म्हणायचो, बरंय.

आमच्याकडची ही रीत आहे. कुणी कसं काय विचारलं की बरंय म्हणायचं. तिरडीवर बांधलेल्या माणसाला विचारा, तोही बरंय म्हणेल. त्यातून विचारणारा डॉक्टर असला तर बरं नाही म्हणणं म्हणजे त्याच्या हाताला नाव ठेवणं. दुखण्यानं मी रात्ररात्र चादर चावलेली असायची, आणि सकाळी बरंय. मी एकदा बरंय म्हणालो की मागचा एक शिकाऊ डॉक्टर कागदावर काहीतरी खरडायचा. मला वाटायचं, औषध लिहितोय.

त्या वॉर्डात एकच शहाणं माणूस होतं, वॉर्डातल्या मावशी. त्या कधीच कसं काय विचारायच्या नाहीत. येताजाता तोंडाकडं बघायच्या आणि गुडघ्याखालची उशी दोन बोटं सरकवायच्या, की तासभर सुख. त्यांचं म्हणणं कुणी कागदावर घेतलं नाही.

*

टाके निघाल्यावर व्यायाम सुरू झाला. नसरीन मॅडम नावाची एक बारीकशी मुलगी, पंचविशीची असेल, रोज दुपारी माझा पाय हातात घ्यायची. मला मामू म्हणायची. कंपासपेटीत असतं तसलं मोठं कोनमापक गुडघ्याला लावायची आणि आकडा माझ्या हजेरीच्या कार्डावर लिहायची. पहिल्या दिवशी गुडघा इतका कमी वाकला की तिनं आकडा मला दाखवलाच नाही.

तिच्या हातात दया नव्हती आणि मला ते आवडायचं. मी ओरडलो की ती म्हणायची, ओरडा मामू, पण पाय सोडू नका. तीन महिन्यांत गुडघा काटकोनात आला. त्या दिवशी मी घरी येऊन पलंगाच्या कडेवर बसलो आणि पाय जमिनीवर सरळ टेकवून दाखवला. मंदानं शिरा केला. नसरीन मॅडम म्हणाली होती की आणखी दोन महिने असेच द्या, मग आपण मांडीचं बघू.

*

मग वकीलसाहेब आले. देवगाव रंगारीहून माझे थोरले भाऊ त्यांना घेऊन आले, गावाकडचेच म्हणून. टेम्पोच्या विमा कंपनीवर दावा लावायचा होता. वकीलसाहेबांनी दवाखान्याचे कागद मागवले, चष्मा लावला आणि वाचता वाचता त्यांचं तोंड उतरलं. त्यांनी एकेका दिवसाचं पान माझ्यापुढं सरकवलं. इंग्रजीत होतं, त्यांनी अर्थ सांगितला. तक्रार नाही. रुग्ण आरामात आहे. तक्रार नाही. तक्रार नाही. बावीस दिवस मी म्हटलेला प्रत्येक बरंय त्या पोरानं इमानेइतबारे उतरवून ठेवला होता.

"तुम्ही काय मंगळागौरीला गेलता का दवाखान्यात?" वकीलसाहेब म्हणाले. "विमावाला हेच वाचून दाखवणार. म्हणणार, या माणसाला दुखलंच नाय."

मग त्यांनी मला दाव्याचं शास्त्र समजावलं, आणि ते खरं आहे म्हणून तुम्हालाही सांगतो. नुसतं खरचटलं तर औषधपाण्याचे मिळतात. हाड मोडून नीट जुळलं तर थोडे वरचे. हाड जुळलं, पण काहीतरी कायमचं अडकून राहिलं, आणि त्या अडकण्यानं तुमचा धंदा गेला, तरच दाव्यात जीव. ते अडकलेलं किती, हे सरकारी मंडळ टक्क्यांत सांगतं. दुखापत जेवढी मोठी राहील तेवढा दावा मोठा.

इथवर ठीक होतं. पुढं त्यांनी आवाज उतरवून विचारलं, व्यायाम कुठवर आलाय? मी अभिमानानं सांगितलं, काटकोन झाला. त्यांनी कपाळाला हात लावला.

"मंडळाची तारीख येईस्तोवर थांबवा ते," ते म्हणाले. "अगोदरच कागदावर तुम्ही ठणठणीत. आता गुडघ्यानंबी बरंय म्हणलं तर मी कोर्टात काय दाखवू?"

किती दिवस थांबायचं विचारलं तर म्हणाले, महिनाभर. भाऊ म्हणाले, महिन्यानं काय होतं. आणि मी, जो समोरच्या बाईचं मन पदर टेकायच्या आत ओळखतो असं आत्ताच ऐटीत सांगून बसलो, तो या माणसासमोर मान हलवत बसलो.

*

नसरीन मॅडमला मी सांगितलं की गावाला जातोय. मंदाला खरं सांगितलं, कारण तिच्यापासून घरात काही लपत नाही. ती पोळ्या लाटत होती, हात थांबला नाही.

"पाय तुमचा हाय," ती म्हणाली. "कागद त्यांचा हाय. उद्या कागद घेऊन गादीवर बसणार का?"

मी तिच्यावर ओरडलो. कोर्टकचेरीतलं तुला काय कळतं म्हणालो. जे बोलायला नको होतं तेही बोललो, की तुला माझ्या दुखण्याची काय किंमत. ही बाई तीन महिने माझं भांडं उचलत होती. पुढच्या आठवड्यापासून ती एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जायला लागली, आणि मी काठी घेऊन ओट्यावर बसायला लागलो. काठीची मला तेव्हा गरज नव्हती. वकीलसाहेबांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेत असू द्या म्हटलं होतं.

महिन्याचे दोन झाले. मंडळाची तारीख पुढं गेली, एकदा डॉक्टर रजेवर, एकदा माझ्या अर्जावर फोटो कमी. दोनाचे चार झाले. मध्ये शेटजींनी मला दुकानात बोलावून एक दिवस गादीवर स्टूल देऊन पाहिलं आणि दुपारीच ते काढून घेतलं. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. घरी येऊन मी वकीलसाहेबांना फोन लावून उत्साहानं सांगितलं की नोकरी गेली. तेही खूष झाले. दोन शहाणी माणसं एकाची नोकरी गेली म्हणून हसत होती, हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

*

मंडळासमोर जायच्या आधी मी घरी तालीम केली होती. डॉक्टरांनी पाय दाबला की कुठं थांबायचं, कुठं हाय म्हणायचं, तोंड किती वाकडं करायचं. काटकोनाच्या बराच अलीकडं अडवायचं ठरलं होतं. मी मनात म्हणत होतो, एवढं नाटक जमवलं की झालं, उद्यापासून परत नसरीन मॅडम.

मंडळात तीन डॉक्टर आणि बाहेर शंभरेक माणसं. माझ्या आधी एक आजोबा होते, त्यांचा हात कोपरापासून नव्हता, त्यांना विचारलं, हात नाही हे कधीपासून? मग माझी पाळी. एका डॉक्टरांनी माझा पाय उचलून वाकवला. मी अजून नाटक सुरूही केलं नव्हतं, आणि गुडघा अडला. ठरवल्या जागेच्या कितीतरी अलीकडं. त्यांनी जोर दिला तसा माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो तालमीतला नव्हता.

मी त्यांना म्हणालो, थांबा साहेब, हा याच्यापुढं जातो, मी करून दाखवतो. मीच दोन्ही हातांनी नडगी धरून ओढली. तो गेला नाही. डॉक्टर म्हणाले, राहू द्या, मिळतील तुम्हाला टक्के. पाठीवर थाप मारून त्यांनी पुढच्याला बोलावलं.

बत्तीस टक्के मिळाले. वकीलसाहेबांनी बाहेर सगळ्यांना चहा पाजला. पंधराची आशा होती म्हणाले. भाऊंनी गावी फोन करून बातमी कळवली, पोराचा दहावीचा निकाल कळवावा तशी. मी विचारलं, आता व्यायाम सुरू करू का? वकीलसाहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसा काही मीच भोळा. निकाल लागेपर्यंत नाही, ते म्हणाले, विमावाले फेरतपासणी मागू शकतात.

निकालाला दोन वर्षं लागली.

*

कोर्टात विमा कंपनीच्या वकिलांनी माझे सगळे बरंय वाचून दाखवले, एक सोडला नाही. मग म्हणाले, साक्षीदार स्वतःच्या पायांनी चालत पिंजऱ्यात आला आहे, याची नोंद व्हावी. सुटाबुटातला, शिकलेला माणूस, आणि गुडघा म्हणजे फक्त चालायला असतो अशी त्याची समजूत. संडासला बसणं, देवापुढं बसणं, पंगतीत बसणं, बसून पोट भरणं हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी मला थेट विचारलं, खुर्चीवर बसून साड्या का दाखवता येत नाहीत?

"साहेब, गिऱ्हाईक खाली गादीवर असतं," मी म्हणालो. "मी खुर्चीवर बसलो तर माझे पाय त्याच्या तोंडासमोर येतात."

बाईंनी लिहायचं थांबवलं. गादीच्या दुकानात त्याही बसलेल्या असणार. त्यांनी विमावाल्या वकिलांकडं पाहिलं, आणि तो माणूस पुढचा कागद शोधायला लागला.

तेवढं एकच मी त्या पिंजऱ्यात मनापासून खरं बोललो. कारण लगेच पुढचा प्रश्न आला. नसरीन मॅडमनं भरलेलं हजेरीचं कार्ड विमावाल्यांनी काढून आणलं होतं. काटकोनाचा आकडा, आणि त्यानंतर कोरे रकाने. व्यायाम मध्येच का सोडला? मंदा मागच्या बाकावर बसली होती. मी शपथेवर सांगितलं, दुखणं सहन होईना म्हणून. दवाखान्यात सहन होत नव्हतं तेव्हा बरंय म्हणालो होतो, आणि व्यायामाचं दुखणं सहन होत होतं, तर त्याबद्दल हे. मंदा उठून बाहेर गेली.

दावा मंजूर झाला. बाईंनी मंडळाच्या टक्क्यांवर न थांबता, मांडी न घालता येणं म्हणजे या माणसाचा धंदाच जाणं, असं धरलं. आता शहाण्यासारखं एक सांगतो. हेच त्यांनी मला पंधरा टक्के असते तरी धरलं असतं. व्यायाम पुरा करून मांडी घालता आली असती आणि पंधरा मिनिटांत गुडघा बधिर होतो एवढं खरं सांगितलं असतं, तरी पुरलं असतं, असं नंतर दुसऱ्या एका वकिलांनी मला सांगितलं. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना दुखतंय तर दुखतंय म्हणा. तुमच्या कामात शरीराचा कुठला भाग कसा लागतो ते कागदावर येऊ द्या. आणि दावा मोठा व्हावा म्हणून जो तुम्हाला आजारी राहायला सांगेल, तो वकील असो की सख्खा भाऊ, त्याला आधी आपला स्वतःचा गुडघा आणून ठेवायला सांगा.

*

निकालानंतर पेढे घेऊन मी नसरीन मॅडमकडं गेलो. ती आता मोठ्या जागेत बसते, हाताखाली दोघी आहेत. तिनं मला ओळखलं, मामू म्हणाली, पलंगावर झोपवलं आणि कोनमापक लावलं. बराच वेळ तिनं पाय हातात धरून ठेवला, इकडून तिकडून दाबून पाहिला. मग हळूच खाली ठेवला. आता नाही होणार म्हणाली. ऑपरेशन करून बघता येईल, पण ती स्वतः करा म्हणणार नाही.

मी तिला निकालाचा कागद दाखवला, का ते मला सांगता येणार नाही. कदाचित तिनं अभिनंदन करावं असं वाटत असेल, सगळ्यांनी केलं होतं. कागद मराठीत होता. अर्जदारास आलेले कायमचे अपंगत्व हे सदर अपघातामुळेच आलेले आहे, या ओळीशी ती थांबली.

"मामू," ती म्हणाली, "तेव्हा गावाला गेलाच नव्हता ना तुम्ही?"

मी नाही म्हणालो. सगळं सांगितलं. महिनाभर म्हणून थांबलो ते, ओट्यावरची काठी, मंडळातली तालीम. माझं झाल्यावर तिनं त्या ओळीतल्या 'अपघातामुळेच' या शब्दावर बोट ठेवलं.

"वाटी टेम्पोनं फोडली," ती म्हणाली. "मांडी नाही फोडली त्यानं."

कागदाची घडी करून तिनं माझ्या हातात दिली, आणि पेढ्यांचा पुडा न उघडताच पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.